उघड्या छताच्या गाडीची निगा

साल १९९७. माझं वय अठ्ठावन्न. गाझियाबादच्या ज्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर माझं उभं आयुष्य गेलं, तो बंद पडून वर्ष झालं होतं. मी घराखालच्या गाळ्यात स्वतःचं काम सुरू केलं होतं. बोर्ड लावला नव्हता. ज्याला माझी गरज आहे तो मला शोधत येतो, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो.

शिकलो चौथीपर्यंत. आमचं गाव विट्याकडचं. तिकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, तसा चुलत्याच्या मागोमाग मी लहानपणी दिल्लीत आलो. पण भट्टीसमोर मांडी घालून बसणं माझ्या अंगाला मानवलं नाही. पुढे कारखान्यात पहिल्यांदा प्रेस बघितली आणि ठरलं. बोटाएवढ्या नळीतून तेल जातं आणि तेवढ्या जोरावर जाड पत्रा पापडासारखा वाकतो. तेल, दाब, दांडा आणि तेल अडवणारं सील. या चार गोष्टींवर मी घर चालवलं, दोन मुली उजवल्या, आणि कुणापुढे हात पसरला नाही.

त्या वर्षांत यमुनेपलीकडे नोएडात सेक्टरमागून सेक्टर उठत होते. काल शेत होतं तिथे आज दुमजली घर आणि घरापुढे नवीन गाडी. परदेशी गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या, पण त्या बिघडल्या की कुणाकडे न्यायच्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अशीच एक गाडी माझ्याकडे आली. तिचं छत कापडी होतं. बटण दाबलं की पंप दोन बाजूंच्या सिलिंडरांत तेल ढकलायचा, त्या जोरावर ते आपसूक उठायचं, घडी होऊन मागच्या सीटच्या पाठीमागे जाऊन बसायचं आणि गाडी उघडी व्हायची. गाडी नोएडातल्या एका मराठी बाईंची होती. त्या एका परदेशी वकिलातीत भाषांतराचं काम करायच्या. तिथला साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा त्यांनी त्याची जुनी गाडी विकत घेतली.

हौस म्हणून घेतली असं लोकांना वाटायचं. मलाही आधी तसंच वाटलं. खरं कारण वेगळं होतं. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना एकदा वीज गेली आणि ते कचेरीच्या लिफ्टमध्ये अडकले. बाहेर काढेपर्यंत बराच वेळ गेला. तेव्हापासून डोक्यावर जवळ छत आलं की त्यांचा श्वास कोंडायचा. बंद गाडीत बसवलं तर सेक्टरच्या फाटकापर्यंतसुद्धा जमायचं नाही, काचा खाली केल्या तरी नाही. रिक्षा उघडी असते खरी, पण कंबरेच्या ऑपरेशननंतर रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नव्हते. म्हणजे माणूस घरात अडकला. ही गाडी आली आणि ते परत बाहेर पडले. दर रविवारी बाई त्यांना दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरला घेऊन जायच्या. तिथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते पूर्वी राहायचे. जुने मित्र अजून तिथेच होते. चौघांचा पत्त्यांचा डाव बसायचा, ब्रिजचा. तो एक दिवस साहेबांचा; बाईंच्या यजमानांना मी साहेब म्हणायचो. बाकी आठवडा त्याची वाट बघण्यात जायचा.

हे मला कळलं आणि मी त्या गाडीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. छत बंद राहिलं तर एक माणूस घरात राहतो. मी बाईंना सांगून टाकलं, "वहिनी, माझा हात असेपर्यंत हे छत अडकणार नाही."

त्या म्हणाल्या, "बघू."

बाई मला मिस्त्री म्हणायच्या. त्यात मला कमीपणा नव्हता. पण आमचं पटायचं कमी. गाडीबरोबर एक पुस्तिका आली होती, परदेशी भाषेतली, आणि बाईंना ती भाषा येत होती. त्या वाचून सांगायच्या की छत महिन्यातून एकदा तरी पूर्ण उघडावं आणि मिटावं. मी म्हणालो, आठवड्यातून एकदा, आणि थंडीत रविवार चुकला तर मधेच एकदा. सील हे रबर असतं. ते तेलात हललं तर मऊ राहतं, पडून राहिलं तर वाळून तडकतं. बाई म्हणाल्या, गाडी बनवणाऱ्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळत असेल. मी म्हणालो, बनवणाऱ्यांनी मे महिन्यातली दिल्लीची धूळ खाल्लेली नाही. सिलिंडरचा दांडा आरशासारखा चकचकीत असतो. त्यावर धूळ बसली आणि तसाच आत गेला की सीलवर कानस फिरवल्यासारखं होतं. म्हणून मी त्यांना मऊ फडकं दिलं होतं. छत अर्धं उभं असताना नव्हे, पूर्ण उभं करून दोन्ही दांडे पुसायचे. बटण दाबताना इंजिन चालू हवं, नाहीतर बॅटरी बसते आणि पंप अर्ध्यात धापा टाकतो. बटण सोडायचं ते छत बसल्यावरच. आणि छत बसल्यानंतरही दाबून धरायचं नाही, कारण मग पंप भिंतीला धडका देत राहतो.

तेलाच्या बाबतीत मात्र बाईंनी माझं चालू दिलं नाही. मी प्रेसचं तेल घालायला निघालो होतो. त्यांनी पुस्तिका पुढे धरली. याच जातीचं पातळ तेल, दुसरं नाही. वकिलातीतला तो परदेशी माणूस जाताना त्याचे दोन डबे देऊन गेला होता, ते त्यांनी कपाटात जपून ठेवलेले. आमची अर्धा दिवस जुंपली. शेवटी डब्यातलं तेल बोटांत चोळून बघितलं. आमच्या तेलाहून फारच पातळ. आमचं तेल थंडीत त्या बारीक नळ्यांतून सरकलंच नसतं. बरोबर त्यांचंच होतं. तसं मी बोललो नाही, डबा उघडला एवढंच.

असं दीड वर्ष छत कधी अडकलं नाही.

१९९९च्या मे महिन्यात साहेबांच्या पुतण्याचं लग्न होतं. पुतण्या इथेच वाढलेला, एका नव्या कंपनीत नोकरीला, दिलदार पोरगा. लग्नानंतर नवरी घरी न्यायला त्याने काकूंची उघडी गाडी मागितली. बाई देईनात. पण साहेबच म्हणाले, घरचं लग्न आहे, दे. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो.

दिल्लीतल्या मराठी लग्नाची एक तऱ्हा आहे. अक्षता आपल्या, आणि निरोपाच्या वेळी गाडीवर फुलं उधळायची ती इथली रीत. दोन्ही सोडवत नाही, म्हणून दोन्ही करतात. मांडवात उरलेल्या अक्षता लोकांनी मुठीमुठीने त्या उघड्या गाडीत टाकल्या, वरून झेंडूच्या पाकळ्या. घडी घातलेलं छत जिथे बसतं तिथे मागच्या सीटच्या पाठी एक खोलगट जागा असते. मी तिला कुंड म्हणतो. छतावरचं पावसाचं पाणी या कुंडात उतरतं आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून रबरी नळ्यांवाटे खाली रस्त्यावर जातं. कुंडाच्या शेजारी, डिकीत, पंप आणि त्याची तेलाची टाकी. अक्षता आणि पाकळ्या घरंगळत त्या कुंडात जाऊन बसल्या.

एवढ्यानेही भागलं असतं. पण पुतण्या पडला चांगल्या घरचा. मागून आणलेली वस्तू तशीच परत द्यायची नाही, डबा आला तर काहीतरी भरून परत करायचा, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवतात. त्याने छत बंद केलं, गाडी पेट्रोल पंपावर नेली आणि जोराच्या फवाऱ्याने धुऊन घेतली, कापडी छतासकट. अक्षता भिजून फुगल्या, नळ्यांची तोंडं बंद झाली, कुंड पाण्याने भरलं आणि पाणी डिकीत पंपापर्यंत आलं. मग त्याने पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली, इंजिन ऑइल पुरं केलं. डिकी उघडल्यावर तिथे आणखी एक छोटी टाकी दिसली, पातळी जरा खाली होती. तीही त्याने भरून दिली. ब्रेक ऑइलने.

शनिवारी संध्याकाळी पेढ्यांसह गाडी दारात लावली. रविवारी सकाळी बाईंनी डिकीत पिशवी ठेवायला हात घातला तर खालचा गालिचा ओला. त्यांनी मला फोन केला. मी स्कूटर काढली.

मी पोचलो तेव्हा पुतण्याही आला होता, काकूंना मदत करायला. साहेब पांढरा शर्ट, कडक इस्त्री, ओसरीवर खुर्चीत तयार बसलेले. त्या रविवारची गोष्ट वेगळी होती. लक्ष्मीबाई नगरच्या चौघांतला सर्वांत जुना मित्र निवृत्त झाला होता. क्वार्टर खाली करून दुसऱ्या दिवशीच्या आगगाडीने कायमचा नागपूरला चालला होता. शेवटचा डाव होता. साहेब दोन रविवार लग्नाच्या गडबडीत गेले नव्हते. आज गेले नाहीत तर मित्राची भेट परत होईल का, हे दोघांच्या तब्येतीकडे बघून कुणीही सांगितलं असतं. साहेब नुसते गाडीकडे बघत होते.

मी डिकी उघडली, टाकीचं झाकण काढलं आणि वास घेतला. वास ओळखीचा होता, पण या टाकीतला नव्हता.

"यात काय घातलं?"

"ब्रेक ऑइल," पुतण्या म्हणाला. "एकदम बढिया वालं. कमी दिसलं म्हणून टॉप करून दिलं."

"आणि त्यानंतर छत हलवलं?"

"नाही. धुवायच्या आधी बंद केलं, मग नाही."

"नक्की?"

"बिल्कुल नक्की, काका."

मला हायसं वाटलं. खनिज तेलावर चालणारी सील ब्रेक ऑइलमध्ये पडली की फुगतात, मऊ होतात, आणि मग दांड्याच्या कडेने तेल गळायला लागतं. तसली सील तेव्हा अख्ख्या दिल्लीत मिळाली नसती. पण टाकीतलं तेल टाकीतच होतं. पंप एकदा जरी फिरला असता तरी ते नळ्यांत, नळ्यांतून दोन्ही सिलिंडरांत गेलं असतं. मी डोकं बाहेर काढलं तर बाई ड्रायव्हरच्या सीटवर, किल्ली फिरवलेली आणि बोट बटणावर.

"हात काढा, वहिनी."

"एकदा दाबून तर बघू. चाललं तर चाललं."

"चाललं तर जास्त वाईट. हात काढा."

"मिस्त्री, ते सकाळपासून तयार होऊन बसलेत."

"मला दिसतंय. म्हणूनच सांगतोय. आज चालेल तुमचं छत. आणि मग कायमचं बसेल."

बाईंनी हात काढला, पण माझ्याकडे बघितलं ते असं, की अच्छा, आता तुमची विद्या दाखवा. पुतण्या म्हणाला, टॅक्सीने जाऊ, काकांना समजावू. साहेब पहिल्यांदा बोलले. "तू टॅक्सीने जा. मी इथेच बरा आहे." आवाज शांत होता. त्यामुळेच ऐकवत नव्हतं.

मी ठरवलं. तेल न हलवता छत उघडायचं. दोन्ही सिलिंडरांचे दांडे वरच्या टोकाला छताच्या सांगाड्याला पिनांनी जोडलेले असतात. त्या पिना काढल्या की सांगाडा मोकळा, सिलिंडर जागच्या जागी आणि तेलही जागच्या जागी. मग छत म्हणजे नुसती मोठी छत्री, हाताने घडी घालायची. आधी कुंड साफ केलं. पाकळ्यांचा लगदा, हळदीने पिवळे झालेले फुगलेले तांदूळ, ओंजळी भरभरून बाहेर काढले. पुतण्या बघत उभा होता. "हे पिवळे चावल एवढं करतात?" म्हणाला. बाई म्हणाल्या, "तुझ्याच आशीर्वादाचे आहेत. धर बादली."

नळ्यांची तोंडं सायकलच्या तारेने मोकळी केली, तारेचं टोक वाकवून, म्हणजे रबराला भोक पडायला नको. साठलेलं पाणी गाडीखालून धो धो गेलं. पिना काढल्या. दांडे कापडात गुंडाळले. एका बाजूला पुतण्या, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये बाई पदर खोचून. छत उचललं, हळूहळू घडी करत मागे बसवलं. जड होतं. साहेब ओसरीवरून सूचना करायला लागले, डावी बाजू आधी, डावी आधी. इंजिनियर माणूस. बाई म्हणाल्या, "तुम्ही फक्त बसायला या." ते हसले, आणि काठी टेकत उतरले.

मी हत्यारांची पिशवी, तेलाचे दोन्ही डबे घेतले आणि मागच्या सीटवर बसलो. बाईंनी विचारलं, तुम्ही कशाला. मी म्हणालो, छत माझ्या जबाबदारीवर उघडलंय, मिटेपर्यंत मी गाडीबरोबर. पुतण्याला घरी पाठवून दिला. नवी नवरी वाट बघत होती त्याची.

यमुनेवरच्या निजामुद्दीनच्या पुलावरून जाताना गरम वाऱ्याने माझे डोळे उघडे राहत नव्हते. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते मान मागे टाकून आभाळ बघत बसले. असा आनंद मी मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर फार कमी बघितला आहे.

लक्ष्मीबाई नगरला बाईंनी गाडी कडुनिंबाखाली लावली. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून साहेबांच्या नावाने हाका सुरू झाल्या. मित्र अंगाने खंगलेला, पण आवाज तोफेसारखा. "यार, तीन जणांनी काय ब्रिज खेळायचा? तुझी वाट बघून आम्ही भांडायला लागलो!" साहेब वर गेले. बाईही गेल्या. मी डिकी उघडली.

टाकी आणि पंप एकत्र बाहेर काढले. तेलाच्या दोन्ही नळ्यांची तोंडं आधी स्वच्छ चिंधीने बांधली. या कामात घाण आत जाऊ न देणं हे निम्मं काम. कारखान्यात मी नव्या पोरांना पहिले सहा महिने फक्त तोंडं बांधायला शिकवायचो, कंटाळून जायचे बिचारे. ब्रेक ऑइल पिचकारीने उपसलं. डब्यातलं थोडं नवं तेल टाकून टाकी खळखळली, ओतली, परत खळखळली. वास जाईपर्यंत. पंपाची मोटर उघडली तर आत पाण्याचे थेंब. मे महिन्याची दुपार मला पहिल्यांदा आवडली. मोटर वर्तमानपत्रावर उन्हात ठेवली. समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंनी विचारलं, पापड वाळताहेत का. मी म्हणालो हो, लोखंडाचे.

दुपारी वरून बोलावणं आलं. मी हात धुऊन जेवून आलो. भरल्या वांग्याची भाजी होती. सामान बांधून झालेलं, ट्रंकेवर ट्रंक, आणि मधल्या मोकळ्या जमिनीवर सतरंजी टाकून चौघं खेळत होते. साहेब हरत होते आणि त्यांना त्याचं काही नव्हतं.

मोटर कडकडीत वाळल्यावर सगळं परत जोडलं, टाकी नव्या तेलाने खुणेपर्यंत भरली, दांडे हाताने सरकवून सांगाड्याशी आणले आणि पिना बसवल्या. आता चालवून बघायचं बाकी होतं. हात पुसताना वर बघितलं तर पश्चिमेचं आभाळ तपकिरी झालेलं. कडुनिंबाची पानं एकदम थांबली. ज्यांनी दिल्लीत उन्हाळे काढलेत त्यांना सांगायला नको. आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येत होती, आणि तिच्यामागे पाऊस.

बाई जिन्यावरून धावत आल्या. "चला, निघू या."

"अर्ध्या रस्त्यात गाठेल. साहेबांच्या तोंडात माती जाईल. थांबा आणि छत बंद करू."

"बंद? आणि मग उघडलं नाही तर?"

खरा प्रश्न तोच होता. छत उघडं ठेवलं तर धूळ दांड्यांवर, सांध्यांत, सीटवर, आणि वरून पाऊस पडून कुंडातून परत डिकीत. पण गाडी उघडी राहील, साहेब घरी जातील. बंद केलं तर पंपाने बंद करायचं, आणि पंप ओला होऊन वाळलेला, नळ्यांत हवा गेलेली, एकदाही चालवून न बघितलेला. छत बंद होऊन तिथेच अडकलं तर पिना काढून परत हाताने करावं लागलं असतं, आणि तोपर्यंत पाऊस, अंधार, साहेब दुसऱ्याच्या रिकाम्या घरात. बाई म्हणाल्या, "हातानेच बंद करा. सकाळी उघडलं तसं."

"नाही," मी म्हणालो. "आता पंपच करेल. त्याला आज चालवला नाही तर मी त्याच्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही, आणि तुम्हीही ठेवणार नाही."

"तुमच्या हट्टापायी त्यांना—"

"माझ्या हट्टापायीच ते इथे आलेत, वहिनी."

वरून गॅलरीत साहेब उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "दाबा मिस्त्री." एवढंच.

मी इंजिन चालू केलं आणि बटण दाबलं. पंप कण्हला. छत जागचं हललं नाही. बाईंनी काही बोलायच्या आधीच मी म्हणालो, हवा आहे, थांबा. मग डावी बाजू उठली, उजवी मागे राहिली, सगळा सांगाडा तिरका झाला, झटका बसला, दोन्ही बाजू एकदम वर आल्या आणि परत थबकल्या. मी बोट काढलं नाही. धुळीचा पहिला झोत कोपऱ्यावर वळला तसं छत पुढच्या काचेवर येऊन टेकलं. बाईंनी पटकन दोन्ही खिट्ट्या लावल्या. आम्ही जिन्यात पळालो.

आंधी बराच वेळ चालली. क्वार्टर्सची दारं धडाधड आपटत होती, वीज गेली. साहेब खिडकीजवळ मित्राच्या खांद्यावर हात टाकून बसले होते. मग पाऊस आला, दणकून पडला आणि थांबला. ओल्या मातीवर कडुनिंबाची पानं पसरलेली. आम्ही सगळे खाली उतरलो, मित्र आणि बाकीचे दोघेही. मी गाडीखाली वाकून बघितलं. कुंडाचं पाणी दोन्ही नळ्यांतून सारखं गळत होतं. डिकीत हात घातला. कोरडी.

छतावरचं पाणी निथळू दिलं, वरून फडक्याने कोरडं केलं. ओल्या छताची घडी घालायची नसते, पण त्या संध्याकाळी मी त्या नियमाला थोडी सवलत दिली. दोन्ही दांडे पुसले. मग बाईंना म्हणालो, "तुम्ही दाबा."

"मी?"

"मी काय रोज येणार आहे का."

बाईंनी किल्ली फिरवली. बटण दाबलं. या वेळी छत एकदाच थरथरलं आणि मग एका लयीत उठलं, मागे गेलं, घडी झालं, बसलं. मी त्यांना लगेच परत बंद करायला आणि परत उघडायला लावलं, नळ्यांत उरलेली हवा जायला हवी होती. तिसऱ्या वेळी दोन्ही बाजू बरोबर एका पातळीत उठल्या. मित्राने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी काठी त्याच्या हातात दिली, गाडीत बसले, मग काठी परत मागितली. मित्र म्हणाला, "ठेवून घेतो, नागपूरला न्यायला. तेवढ्यासाठी तरी येशील." साहेब म्हणाले, "ती दे. येईन तसाही." म्हाताऱ्या माणसांचं बोलणं. कोण कुठे जाणार होतं हे दोघांनाही माहीत होतं. पण दोघं हसत होते, आणि गाडी वळेपर्यंत साहेब पाठीमागे मान करून हात हलवत होते. बंद गाडीत ते जमलं नसतं.

पुलावर गार वारा होता. बाई आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचं आठवड्यातून एकदा ते बरोबर आहे." मी मान डोलवली. तेलाचं मी तेव्हाही बोललो नाही. त्यांना कळलेलंच होतं.

साहेब पुढे तीन वर्षं होते. गाडी मी शेवटपर्यंत बघितली. त्यात छत परत अडकलं नाही आणि गाडी परत कुणाच्या लग्नाला गेली नाही. साहेबांनी नागपूरला जायचं ते राहिलं. मित्रच एकदा येऊन गेला.

पण घरी जाता जाता त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात एकच विचार होता. पाऊस येणारच, आणि कडुनिंबही पानं टाकणारच, लग्न असो की नसो. भोकांच्या तोंडाशी काहीतरी बसवायला हवं, जे पाणी जाऊ देईल आणि बाकीचं अडवेल, आणि बाईंना दर रविवारी चटकन उचलून झटकता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळा उघडला नाही. गाझियाबादच्या बाजारात भांडेवाल्याच्या दुकानाचं शटर वर जायची वाट बघत उभा राहिलो आणि स्टीलच्या दोन लहान चहाच्या गाळण्या घेतल्या.